गोळीच्या कागदावरचा सौंगडी



जत्रेतल्या हलवायाच्या दुकानात रेवड्या, बत्तासे, गुडीशेव, साखरेच्या गाठी असा माल परातींतून मांडलेला असतो. त्यातल्या एकाही रेवडीवर नाव नसते. रेवडी कोणाची, तर ज्याच्या परातीतून घेतली त्याची. बापाने भाव विचारावा, आईने एक तोंडात टाकून पाहावी आणि मग पावभर तोलून पुड्यात बांधून घ्यावी. पोर बाजूला उभे राहून हट्ट करते, पाय आपटते. पण व्यवहार होतो तो मोठ्या माणसांत.

आता त्याच गावातल्या किराणा दुकानाकडे पाहा. दारातच रंगीत पाकिटांच्या माळा लटकत असतात. त्यांतल्या एखाद्या पाकिटावर डोळे मिचकावणारे जनावर असते, एखाद्यावर हातपाय फुटलेली गोळी असते. चार वर्षांचे पोर, ज्याची अजून ‘अ’ अक्षराशीही ओळख झालेली नाही, ते नेमके बोट दाखवून सांगते, “मला तो पाहिजे!” गोळीचे नाव त्याला ठाऊक नसते, किंमत ठाऊक नसते. चित्रातला ‘तो’ मात्र पक्का ठाऊक असतो.

हा ‘तो’ कोण? त्याला कोणी जन्माला घातले? आणि पुढे त्याच्यासाठी देशोदेशी कायदे करण्याची पाळी का आली? ही हकीकत मौजेची आहे, आणि ज्यांच्या हाती मुले आहेत अशा सर्वांनी ती जाणून घ्यावी अशीही आहे. अशा पात्राला अलीकडे शुभंकर म्हणतात. आपण त्याला सौंगडी म्हणू; कारण मुलांशी दोस्ती करणे हेच त्याचे काम आहे.

पहिली गोष्ट अशी की, माल जोवर उघडा विकला जात होता तोवर सौंगड्याची गरज नव्हती. इंग्लंडात ब्रिस्टल शहरी फ्राय नावाचा कारखाना होता. त्याने १८४७ साली साच्यात घालून खाण्याची चॉकलेटची वडी तयार केली. तोवर चॉकलेट हे मुख्यतः पिण्याचे पेय होते. कारखान्यातला माल आगगाडीने दूरदूरच्या गावी जाऊ लागला. करणारा एकीकडे आणि खाणारा दुसरीकडे. शिवाय माल कागदात बंद. वास घेता येत नाही, चव पाहता येत नाही. तेव्हा विश्वास ठेवायचा कशावर? अर्थात कागदावर. म्हणून कागदावर नाव आले, आणि नावापाठोपाठ चेहरा आला.

याच फ्राय कंपनीने १८८६ च्या सुमारास एका पाच वर्षांच्या मुलाची पाच छायाचित्रे वापरायला सुरुवात केली. पहिल्यात तो रडतो आहे; दुसऱ्यात त्याची समजूत पटते आहे; तिसऱ्यात आशा, चौथ्यात आनंद, आणि पाचव्यात ‘हे तर फ्रायचेच!’ असे समाधान. पुढे १९०२ साली या पाच चेहऱ्यांची वडीच बाजारात आली आणि १९७६ पर्यंत ती विकली जात होती. पहिल्या चित्रात मुलगा खराखुरा रडावा म्हणून त्याच्या गळ्याभोवती अमोनियात भिजवलेले फडके बांधले होते, अशी हकीकत सांगतात. मुलाला माल विकायचा तर मुलाचाच चेहरा समोर ठेवावा, ही युक्ती व्यापाऱ्यांना अशी फार लवकर सापडली होती.

पण खऱ्या मुलाची एक अडचण असते. ते मोठे होते, त्याला मिसरूड फुटते. कागदावर काढलेल्या पोराचे तसे नाही. ते आजारी पडत नाही, पगार मागत नाही, म्हातारे होत नाही. त्यामुळे हळूहळू छायाचित्रांची जागा चित्रांनी घेतली.

इंग्लंडातच शेफील्ड येथे बॅसेट नावाची १८४२ सालची कंपनी होती. ज्येष्ठमधाच्या रंगीबेरंगी वड्या हा तिचा माल. १८९९ साली तिचा चार्ली थॉम्पसन नावाचा फिरता विक्रेता लेस्टर येथे एका व्यापाऱ्याला नमुने दाखवत होता. एकेक नमुना वेगळा मांडलेला होता. व्यापाऱ्याला एकही पसंत पडेना. एवढ्यात नमुन्यांचे तबक कलंडले आणि काळ्या, गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या वड्यांची एकच सरमिसळ झाली. ती सरमिसळ पाहून व्यापारी म्हणाला, हे मात्र द्या! कंपनी ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगत आली आहे. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस याच वड्यांचा एक माणूस बनवण्यात आला. त्याचे नाव बर्टी बॅसेट. हात वड्यांचे, पाय वड्यांचे, धड वड्यांचे. आपल्याकडे संक्रांतीला लहान मुलांना हलव्याचे दागिने घालतात ना, तसा हा हलव्याचा माणूसच म्हणा! मालालाच हातपाय आले, माल स्वतः हसून हात हलवू लागला. आता विकणारा आणि विकायची वस्तू यांत फरकच उरला नाही.

त्याच काळात जपानात काय चालले होते ते पाहू. रिइची एझाकी नावाच्या व्यापाऱ्याने कालवे उकळलेल्या पाण्यात ग्लायकोजेन नावाचे शक्तिद्रव्य असते हे ऐकले होते. ते घालून त्याने कॅरमेलची गोळी केली आणि १९२२ साली ती ओसाका शहरात विकायला आणली. नाव ठेवले ग्लिको. पाकिटावर दोन्ही हात उंचावून शर्यत जिंकणारा धावपटू होता. ‘एका गोळीत तीनशे मीटर’, असे त्याचे घोषवाक्य. म्हणजे एक गोळी खाल्ली की तीनशे मीटर धावण्याइतकी शक्ती मिळते! १९२७ पासून पाकिटाबरोबर छोटे खेळणेही मिळू लागले. १९३५ साली ओसाकाच्या दोतोनबोरी भागात या धावपटूचा विजेच्या दिव्यांचा मोठा फलक उभा राहिला. तो पुढे अनेकदा बदलला, पण आजही तिथे धावपटू धावतोच आहे आणि प्रवासी त्याच्यासारखे हात वर करून छायाचित्रे काढून घेतात. येथे लक्षात घेण्याजोगे असे की, सौंगडी आता नुसता हसत नव्हता. तो शक्तीचे आश्वासन देऊ लागला होता. साखरेच्या गोळीला आरोग्याचा अंगरखा चढला तो असा.

जपानातलीच दुसरी गोष्ट मात्र निराळ्या मायेची आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा तिथे साखरेची फार टंचाई होती. योकोहामा येथे १९१० साली सुरू झालेल्या फुजिया कंपनीने १९५० साली आपल्या दुकानांच्या दारात कागदाच्या लगद्याची एक बाहुली उभी केली. तिचे नाव पेको-चान. दोन वेण्या, गोबरे गाल आणि ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली जिभली. तिचे डोके डुलत असे. पुढच्या वर्षी, म्हणजे १९५१ साली, कंपनीची मिल्की नावाची दुधाची गोळी निघाली आणि पाकिटावर पेको-चान विराजमान झाली. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तिचे वय सहा वर्षे. तेव्हाही सहा, आजही सहा! युद्धात होरपळलेल्या शहरांतल्या मुलांना दुकानाच्या दारातली ही जिभल्या चाटणारी बाहुली केवढा दिलासा वाटली असेल, याची कल्पना करा. तिच्याबरोबर वाढलेली माणसे आता आजी-आजोबा झाली आहेत आणि ती नातवंडांना तिच्यापाशी घेऊन जातात. तेव्हा सौंगडी म्हणजे सगळी लबाडीच, असा एकतर्फी निकाल देणे बरोबर होणार नाही.

येथवर सौंगडी दुकानात नाहीतर पाकिटावर उभा होता. त्याच्याकडे जायचे तर पोराला घराबाहेर पडावे लागे. १९५० नंतर अमेरिकेत घराघरांत दूरचित्रवाणी आली आणि सौंगडी स्वतःच घरात येऊन बसला. कडी नाही, टकटक नाही. आई स्वयंपाकात, बाप कामावर आणि पोर पडद्यासमोर एकटे. विक्रेत्याला अशी संधी पूर्वी कधीच मिळालेली नव्हती.

एम अँड एम्स या गोळ्यांचेच पाहा. फॉरेस्ट मार्स आणि ब्रूस मरी यांनी १९४१ साली त्या काढल्या. आत चॉकलेट, वर साखरेचे कडक रंगीत कवच. महायुद्धात त्या अमेरिकी सैनिकांकडे गेल्या, कारण उन्हात त्या लवकर वितळत नसत. १९५४ साली त्यांच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर आल्या. त्यांत हातपाय असलेल्या दोन गोळ्या बोलत, चॉकलेटच्या तलावात सूर मारत. ही गोळी तोंडात विरघळते, हातात नाही, हे वाक्यही त्याच वर्षीचे. मुलाला पटते ती गंमत आणि आईला पटतो तो हात स्वच्छ राहण्याचा मुद्दा; एकाच वाक्यात दोघांची सोय केलेली!

च्युइंगमची हकीकतही अशीच. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या टॉप्स कंपनीने बझूका नावाच्या च्युइंगमच्या आतल्या कागदावर १९५३-५४ च्या सुमारास चिमुकली चित्रकथा छापायला सुरुवात केली. नायक बझूका जो, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला पोरगा. चघळण्याचा माल पाच-दहा मिनिटांत बेचव होतो. पण कागद उरतो. तो जपायचा, साठवायचा, मित्राला दाखवायचा. हे कागद २०१२ पर्यंत निघत होते, म्हणजे सुमारे साठ वर्षे.

आणि १९७० च्या सुमाराची ती घुबडाची जाहिरात. टूट्सी पॉप ही काडीवरची गोळी, मध्यभागी मऊ गाभा. एक मुलगा शहाण्या घुबडाला विचारतो की, किती वेळा चाटले म्हणजे गाभा लागेल? घुबड मोजायला लागते, एक, दोन, तीन, आणि कडकन चावून मोकळे होते! प्रश्न तसाच राहतो. त्या प्रश्नाने अमेरिकी मुलांना असे वेड लावले की, पुढे पर्ड्यू विद्यापीठातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी चाटण्याचे यंत्र केले आणि सरासरी ३६४ हा आकडा काढला. प्रश्न अर्धा सोडून देणे म्हणजे मुलाच्या मनात घर करणे, हे त्या घुबडाने दाखवून दिले.

आपल्या देशात ही चाल थोडी वेगळी पडली. आपल्याकडचे नामांकित जाहिरात-सौंगडी गोळ्या विकत नव्हते. १९४६ सालचा एअर इंडियाचा महाराजा विमानाची तिकिटे विकी. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला गट्टू नावाचा खट्याळ पोर रंगाचे डबे विकी. १९६६ पासूनची अमूलची मुलगी लोणी विकते. या सगळ्यांचे गिऱ्हाईक मोठे माणूस होते. गोळ्या मात्र बरणीतून सुट्या विकल्या जात आणि त्यांची ओळख नावावर चाले. विलेपार्ल्यात १९२९ साली सुरू झालेला पार्लेचा कारखाना आधी गोळ्याच करीत असे. बिस्किटे मागाहून आली. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या रावळगाव येथे वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखरेचा उद्योग उभारला आणि १९४२ साली रावळगावच्या गोळ्या निघाल्या. महाराष्ट्रात कित्येकांच्या लहानपणाला त्या गोळीची चव आहे. २०२४ साली रिलायन्सच्या कंपनीने रावळगावच्या गोळ्यांचे नाव आणि पाककृती २७ कोटी रुपयांना घेतल्या. कारखाना नव्हे, जमीन नव्हे, बरं का. नाव आणि कृती! लहानपणी मनात बसलेल्या नावाची बाजारात काय किंमत होते, ते यावरून समजावे.

आपल्या नभोवाणीवर विविध भारतीच्या कार्यक्रमांत जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. नभोवाणीला डोळे नाहीत. तेथे सौंगड्याला सुरांतून आणि आवाजातून यावे लागले. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती आल्या आणि मग चित्र हलू लागले. पुढे जेम्स या रंगीत गोळ्यांसाठी ‘जेम्स बाँड’ नावाचा हेरच पडद्यावर अवतरला, हे त्या काळच्या मुलांना आठवत असेल. तोवर आपल्याकडचे पोरही थेट गिऱ्हाईक झाले होते.

आता या इतिहासाची दुसरी बाजू पाहू.

सौंगडी हसतो तेव्हा तो कोणाला हसतो, हेही तपासावे लागते. जर्मनीत बर्लिनच्या सारोटी चॉकलेट कंपनीने १९१८ साली आपला सौंगडी निवडला. युलियस गिप्केन्स या चित्रकाराने तो काढला होता. पगडी घातलेला, काळ्या वर्णाचा पोऱ्या, हातात तबक घेऊन सेवेला उभा. चॉकलेटसाठी लागणारा कोको पिकवणारे हात आफ्रिकेतल्या कष्टकऱ्यांचे, आणि वेष्टनावर त्यांचे स्थान काय, तर हसतमुख नोकर! जर्मन मुलांच्या पिढ्यान् पिढ्या हे चित्र पाहत वाढल्या. काळा माणूस म्हणजे तबक धरणारा, ही समजूत कोणी शिकवली नाही, तरी चॉकलेटबरोबर ती पोटात गेली. पुष्कळ टीका झाल्यावर २००४ साली कंपनीने तो पोऱ्या बदलला. सोनेरी कांतीचा जादूगार आणला आणि तबक काढून घेतले. शाळेच्या पुस्तकातले चित्र आपण दहादा पारखून घेतो. गोळीच्या कागदावरचे चित्र कोणी पारखत नाही, आणि मुलाच्या नजरेखालून तर तेच जास्त वेळा जाते.

दुसरा प्रश्न मुलाच्या समजुतीचा. मोठ्या माणसाला कळते की, हा सांगतो आहे तो विकण्यासाठी. लहान मुलाला ते कळते काय? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००४ साली या विषयावरचा अहवाल प्रसिद्ध केला. आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा हेतू नीट ओळखता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पोराच्या दृष्टीने गोष्टीतला ससा आणि जाहिरातीतला ससा सारखेच. दोघेही खरे बोलतात.

याचा पडताळा दोन प्रयोगांनी येतो. अमेरिकेत एका सिगारेटच्या जाहिरातीत जो कॅमल नावाचा उंट असे. १९९१ साली तीन ते सहा वर्षांच्या २२९ मुलांना चित्रे दाखवून जोड्या लावायला सांगितल्या. सहा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ९१ जणांनी उंटाची जोडी सिगारेटशी बरोबर लावली. मिकी माउस त्यांनी जितका ओळखला, जवळजवळ तितकाच हा उंट! कंपनी म्हणे, आमची जाहिरात मोठ्यांसाठी आहे. अखेर १९९७ साली तो उंट मागे घ्यावा लागला.

दुसरा प्रयोग खाऊचाच. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली चार ते सहा वर्षांच्या ४० मुलांना एकच खाऊ दोन पाकिटांत दिला. एका पाकिटावर ओळखीचे कार्टून, दुसरे साधे. खाऊ होता गोड बिस्किटे, फळांच्या चवीच्या चिवट गोळ्या आणि गाजरे. बहुतेक मुलांनी चित्राचे पाकीट पसंत केले. आणि ऐका, कित्येकांनी सांगितले की त्यातला खाऊ चवीलाच जास्त चांगला आहे! आत तोच खाऊ, बाहेर नुसते चित्र, आणि जिभेची साक्ष बदलली. गाजराच्या बाबतीत मात्र चित्राची जादू कमी चालली.

हे सारे लोकांच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. अमेरिकेत व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाने १९७८ साली एक धाडसी प्रस्ताव मांडला. अगदी लहान मुलांना उद्देशून दूरचित्रवाणीवर जाहिरातीच करू नयेत, आणि थोड्या मोठ्या मुलांना दात किडवणाऱ्या गोड पदार्थांच्या जाहिराती दाखवू नयेत, असा त्याचा आशय. साखर, खाऊ, खेळणी आणि जाहिरात या धंद्यांतले सगळे त्याच्याविरुद्ध उभे राहिले. एका मोठ्या वर्तमानपत्राने अग्रलेखातून आयोगाला ‘राष्ट्राची दाई’ म्हणून हिणवले. मुलांना सांभाळणे हे आईबापांचे काम, सरकारचे नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद. १९८० साली तिथल्या संसदेने आयोगाचे अधिकारच छाटले आणि १९८१ साली तो प्रस्ताव बासनात गेला.

त्या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पोराला ‘नाही’ म्हणायचे ते आईबापांनीच. पण एका बाजूला दिवसभर राबून आलेली आई आणि दुसऱ्या बाजूला कसलेले चित्रकार, गायक, लेखक आणि भरलेली थैली. हा सामना बरोबरीचा आहे काय, एवढाच प्रश्न. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने त्याला आपल्या परीने उत्तर दिले. १९८० पासून तिथे तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करण्यास बंदी आहे. एका खेळण्यांच्या कंपनीने दावा लावला. पण १९८९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला.

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने तर थेट सौंगड्यालाच हात घातला. तिथे मुलांमध्ये लठ्ठपणा फार वाढला होता. २०१६ साली अमलात आलेल्या कायद्याने असे ठरवले की, ठराविक मर्यादेपेक्षा साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक जास्त असतील त्या पदार्थाच्या पाकिटावर काळा अष्टकोनी शिक्का मारायचा, आणि अशा पाकिटावर मुलांना भुरळ घालणारे चित्र वा खेळणे ठेवायचे नाही. मग दुकानांतल्या पाकिटांवरून वाघ, ससे, माकडे एकेक करून उतरली. माल विकण्यास मनाई नव्हती. फक्त त्याने मुलाचा दोस्त म्हणून यायचे नाही, एवढेच.

आपल्याकडेही काही नियम झाले आहेत आणि शिक्षकबंधुभगिनींना ते ठाऊक असावेत. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमांनुसार साखर, मीठ आणि चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत विकता येत नाहीत, आणि तिथे त्यांची जाहिरातही करता येत नाही. २०२२ सालच्या ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांच्या कार्यक्रमांत अशा चटकमटक खाण्याच्या जाहिराती दाखवायच्या नाहीत. नियम कागदावर आहेत. ५० मीटरांची दोरी धरून मोजणारे कोणीतरी गावात पाहिजे, इतकेच.

सौंगड्याचे बळ किती वाढले आहे, याची एक ताजी गोष्ट सांगतो. २०२२ साली एम अँड एम्सच्या हिरव्या गोळीचे उंच बूट काढून तिला साधे बूट घातले. त्यावर अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून वादावादी झाली! जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने सर्व सौंगड्यांना रजा दिल्याचे जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात, सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या सामन्याच्या दिवशी, त्यांना परत आणले. काही न विकता महिनाभर गोळीचे नाव सर्वांच्या तोंडी राहिले. याच गोळ्यांतली लाल गोळी मात्र १९७६ साली गुपचूप बंद करावी लागली होती, कारण एका लाल खाद्यरंगाविषयी लोकांत भीती पसरली होती. तो रंग या गोळ्यांत नव्हताच, तरीही लाल गोळी १९८७ पर्यंत परतली नाही. चित्राने आलेला विश्वास किती नाजूक असतो, हेही यावरून दिसते.

मग आपण करायचे काय? पोरांच्या हातची गोळी हिसकावून घ्या, असे मी सांगणार नाही. सणासुदीला, जत्रेला तोंड गोड व्हायलाच हवे. परंतु चित्रातला दोस्त हा दुकानदाराचा चाकर आहे, एवढे मुलाला समजले पाहिजे. आणि ते शाळेत खेळता खेळता समजावता येते.

पहिला खेळ असा. मुलांना रिकामी पाकिटे धुऊन आणायला सांगा. चित्रावर बोट ठेवून झाका आणि मागची बारीक अक्षरे वाचा. आपल्या देशात पाकिटावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे यादीत जे पहिले, ते सर्वांत जास्त. पहिला शब्द कोणता येतो, तो फळ्यावर लिहा. दहा पाकिटे झाली की मुले आपण होऊन बोलू लागतील.

दुसरा खेळ येलच्या प्रयोगाचाच. एकाच टोपलीतले भाजलेले शेंगदाणे दोन पुड्यांत भरा. एका पुडीवर छानसे हसरे चित्र काढा, दुसरी कोरी ठेवा. लहान वर्गातल्या मुलांना चव विचारा, नोंद करा, आणि मग दोन्ही पुड्या त्यांच्यासमोर एकाच ताटात ओता. जिभेला कसे फसवले, याचा धडा व्याख्यानाने मिळत नाही इतका पक्का मिळतो.

वरच्या वर्गांना घुबडाचा प्रश्न द्या. काडीवरच्या गोळीऐवजी खडीसाखरेचा खडा घ्या, किती वेळात विरघळतो ते प्रत्येकाने पाहावे, आणि सरासरी काढावी. आणि शेवटी चित्रकलेच्या तासाला सांगा, आपल्या रानातल्या बोराचा, पेरूचा, आवळ्याचा, शेंगेचा एकेक सौंगडी काढा. त्यांच्यासाठी कोणी कंपनी चित्रकार ठेवत नाही. ते काम आपल्या पोरांनीच करायचे आहे, आणि काढलेली चित्रे शाळेच्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायची आहेत.